देवघराच्या दाराची पुढची-मागची जाळी जुळत नाही : सीएनसी कार्व्हिंग, नाशिक

पंचवटी_कार्व्हिंग

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरच्या) कार्व्हिंगचं छोटं युनिट आहे. देवघरं, मखरं, दारांची पॅनेलं, नेमप्लेट अशी कामं करतो. मशीन १३२५, म्हणजे ४ बाय ८ फुटांचा बेड. वाय अक्षाला (बेडच्या लांबीची दिशा) दोन्ही बाजूंनी रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चाक, आणि दोन मोटरी, एक्सलाही (रुंदीची दिशा) रॅक, झेडला (वर-खाली) बॉलस्क्रू. कंट्रोलर हातात धरायचा डीएसपी. डिझाइन अ‍ॅस्पायर या सॉफ्टवेअरमध्ये करतो.

२०२७ च्या सिंहस्थाआधी एका मंदिराच्या गाभाऱ्याला जोडझडपी दार द्यायचं आहे. एक झडप ७५० उंच, ४०० रुंद, २५ मिमी जाड, सागवान. दोन्ही बाजूंना वेलबुट्टी आणि मधल्या भागात आरपार जाळी. जाळीचे कोपरे बारीक असल्यामुळे ३ मिमीचं टूल लागतं, आणि ते एका बाजूने २५ मिमी खोल जात नाही. म्हणून अर्धी खोली पुढून, अर्धी मागून.

अडचण अशी की झडप पलटून मागची बाजू कोरली की जाळीच्या भोकात मधोमध पायरी येते. काही ठिकाणी नखाला जेमतेम लागते, काही ठिकाणी जवळजवळ १ मिमी आहे. क्लॅम्प बदलले, झिरो (जिथून माप मोजायचं तो बिंदू) पुन्हा घेतला, टूल नवं लावलं, तरी तसंच. एका बाजूच्या कामात कुठेच काही वावगं दिसत नाही. ओळखीच्या एकाने कंट्रोलरमधले पल्स-पर-मिमी (१ मिमी सरकायला मोटरीला जाणारे पल्स) थोडे बदलून बघा असं सांगितलंय. बदलू का? हे दार लोक आतून-बाहेरून दोन्हीकडून बघणार आहेत, पॉलिश पेपरने घासून वेळ मारून न्यायची माझी इच्छा नाही.

रेषाकार

पल्सला हात लावायच्या आधी फाइल बघू या. मी डिझाइनचं काम करते, निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच सुटतात. जॉब सेटअपमध्ये डेटम, म्हणजे फाइलमधला झिरो, कुठे दिलाय, डाव्या खालच्या कोपऱ्यात की मध्यभागी? आणि मशीनवर झिरो त्याच जागी घेताय ना? मागची बाजू अ‍ॅस्पायरच्या दोन-बाजू जॉबमध्ये केली आहे की हाताने आरसा करून? पलटताना झडप उभ्या अक्षावर फिरवता की वरचं टोक खाली आणता? सॉफ्टवेअरमध्ये निवडलेली दिशा आणि बेडवरची दिशा एकच हवी.

पंचवटी_कार्व्हिंग

ताई, डेटम डाव्या खालच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना तसाच. दोन-बाजू जॉबच आहे. पुस्तकाचं पान उलटावं तशी झडप उलटतो, म्हणजे उभ्या अक्षावर. झडपेची लांब कड बेडवर वायच्या दिशेने ठोकलेल्या पट्टीला टेकवतो.

अंबड_मेंटेनन्स

माझ्या मते स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) तिरका असणार. डायल गेज लावून स्पिंडल काटकोनात आणा, सगळं जागेवर येईल.

सातपूर_टूलरूम

स्पिंडल तिरका असेल तर पृष्ठभागावर पट्टे उमटतात, टूलच्या प्रत्येक फेरीची कड हाताला लागते. १०० मिमीला ०.१ मिमी तिरका धरला आणि खोली १२-१३ मिमी, तर टूलचं टोक सरकेल साधारण ०.०१३ मिमी. त्याने १ मिमीची पायरी येत नाही. तपासून ठेवायला हरकत नाही, पण हे त्याचं दुखणं नाही.

पंचवटीकर, आत्ता कशालाही हात लावू नका. पल्स नाही, पट्टी नाही, बोल्ट नाही. बिघडलेली झडप टाकूनही देऊ नका, सगळी माहिती तिच्यातच आहे. झडप मागच्या बाजूने समोर धरा. वर, मध्ये, खाली अशा तीन आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत डावीकडे, मधोमध, उजवीकडे, अशा नऊ जागा पेन्सिलने नोंदवा. प्रत्येक जागी मागची जाळी पुढच्यापेक्षा किती वर-खाली आणि किती डावी-उजवी सरकली आहे ते व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजून कागदावर लिहा. दिशेसकट लिहा, नुसता आकडा नको.

फरक किती आहे यापेक्षा तो झडपेवर कसा पसरला आहे हे बघायचं असतं. सगळीकडे सारखा असेल तर झिरोचा प्रश्न. मधून काठाकडे वाढत जात असेल तर कोनाचा. माप मोठं होईल तसा लांबीच्या प्रमाणात वाढत असेल तर पल्सचा. आणि दर वेळी वेगळाच येत असेल तर काहीतरी घसरतंय किंवा मोटरीच्या स्टेप सुटतायत. चार वेगळे रोग आहेत, चारांचं औषध वेगळं.

पंचवटी_कार्व्हिंग

मोजलं. मागून बघताना :

उभा फरक : डाव्या काठाला मागची जाळी ०.८ वर, मधोमध जवळपास शून्य, उजव्या काठाला ०.८ खाली. वरच्या, मधल्या, खालच्या तिन्ही ओळींत हेच.

आडवा फरक : नऊही जागी ०.६, एकाच दिशेला.

दुसऱ्या झडपेवरही उभा फरक तसाच आहे. आडवा मात्र ०.३ भरतो.

सातपूर_टूलरूम

उत्तम मोजलंत. यात दोन वेगळे दोष एकावर एक बसले आहेत, म्हणूनच नुसता झिरो घेऊन काही हाती लागत नव्हतं.

आधी उभा फरक. मधोमध शून्य आणि दोन काठांना उलट दिशांना सारखाच, याचा अर्थ तुमचा एक्स आणि वाय एकमेकांना काटकोनात नाहीत. गॅन्ट्रीची, म्हणजे बेडवरून पुढे-मागे सरकणाऱ्या आडव्या कमानीची, एक बाजू पुढे आहे. एका बाजूच्या कामात आयत किंचित कलतो, समांतरभुज चौकोन होतो, पण डोळ्याला कळत नाही. पलटलं की पुढचा कल एका दिशेला आणि मागचा उलट दिशेला, म्हणून दोष दुप्पट होऊन समोर येतो. ४०० रुंदीच्या काठांना ०.८ म्हणजे दर मिमीला ०.००२ चा कल.

ठोकलेली पट्टी वायला समांतर नसती तर? तेव्हाही काठांना उभा फरक आला असता, पण सोबत वरच्या आणि खालच्या ओळीत आडवा फरकही उलट-सुलट दिसला असता, कारण तेव्हा पूर्ण नक्षीच फिरते. तुमचा आडवा फरक वरपासून खालपर्यंत ०.६ च आहे. म्हणजे पट्टी बरोबर आहे, तिला हलवू नका.

दुसरा दोष आडवा. तो सगळीकडे सारखा, पण झडपेगणिक वेगळा. माझा अंदाज आहे की तो मशीनमध्ये नाहीच, लाकडाच्या मापात आहे. झडपांची खरी रुंदी मोजून सांगा.

अंबड_मेंटेनन्स

काटकोनाचंच असेल तर बोल्ट खोलण्यापेक्षा मागच्या बाजूची फाइल तेवढ्या अंशाने फिरवून कोरली तर? पाऊण मिनिटाचं काम.

सातपूर_टूलरूम

फिरवणं आणि कलणं एक नाही, भाऊ. ०.००४ ने नक्षी फिरवली तर काठांचा उभा फरक जाईल हे खरं, पण झडप ७५० उंच आहे. मध्यापासून ३७५ मिमीवर वरचं टोक दीड मिमी एका बाजूला आणि खालचं टोक दीड मिमी दुसऱ्या बाजूला जाईल. ०.८ काढायला जाऊन १.५ घ्यायचे.

अंबड_मेंटेनन्स

हे गणित पटलं. मग कर्ण मोजू द्या त्यांना.

ओझरकर

कर्ण मोजायची पद्धत सांगतो. मी विमानाच्या भागांच्या टूलिंगमध्ये नोकरी केली, आता निवृत्त. तिथे हेच काम मोठ्या जिगवर चालायचं.

१८ मिमीचा नवा एमडीएफ बेडवर घट्ट बांधा. ८ मिमीच्या टूलने चार भोकं पाडा, एक्समध्ये ६०० आणि वायमध्ये ८०० अंतरावर. सुतार ३-४-५ ने काटकोन काढतो तेच हे, दोन्ही कर्ण बरोबर १००० यायला हवेत. भोकांत ८ मिमीच्या डॉवेल पिना बसवा आणि पिनेच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या पिनेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, त्यातून ८ वजा करा. टेप वापरत असाल तर हुकावर विसंबू नका, तो हलता असतो. १०० च्या खुणेपासून माप धरा आणि शेवटी १०० वजा करा. खरं तर आकडा अचूक नसला तरी चालेल. दोन कर्णांतला फरक अचूक हवा, म्हणून दोन्ही माप त्याच टेपने, तसाच ताण देऊन.

आणि हो, भोकं पाडायला प्रत्येक वेळी एकाच दिशेने जागेवर या. रॅकमध्ये बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) असेल तर तो या मापात मिसळायला नको.

पंचवटी_कार्व्हिंग

एक कर्ण १००१, दुसरा ९९९. ६०० आणि ८०० च्या बाजू मात्र अगदी बरोबर आल्या.

झडपांची रुंदी : पहिली ४००.६, दुसरी ४००.३. सातपूरकर, तुमचा अंदाज तंतोतंत निघाला.

सातपूर_टूलरूम

बाजू बरोबर आहेत म्हणजे पल्स-पर-मिमी बरोबर आहेत. ते बदलले असते तर चालणारी गोष्ट बिघडली असती आणि मूळ दोष तसाच राहिला असता.

कर्णांतला फरक २. या आयतासाठी त्याला ९६० ने भागा, ०.००२०८ येतात. झडपेच्या काठाला अपेक्षित फरक ०.००२०८ गुणिले ४००, म्हणजे ०.८३. तुम्ही ०.८ मोजलात. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, आता शंका नको.

तुमच्या दोन रॅकमधलं अंतर साधारण १५०० असेल तर गॅन्ट्रीची एक बाजू ३.१ मिमी पुढे आहे. १.५ मोड्यूलच्या (दाताचं माप) सरळ रॅकचा एक दात ४.७ मिमीचा असतो, त्यामुळे दात सुटल्याचं हे लक्षण वाटत नाही. मशीन अलीकडे हलवलंय का?

पंचवटी_कार्व्हिंग

हो. जुन्या गाळ्यातून इकडे आणताना शटरमधून जाईना म्हणून गॅन्ट्रीचा आडवा बीम उतरवला होता. वाहतुकीवाल्यांबरोबर आलेल्या फिटरने परत बसवला. त्याआधी दोन बाजूंचं काम आमच्याकडे फारसं येत नव्हतं.

सातपूर_टूलरूम

मिळालं. बीम आणि बाजूच्या प्लेटमधल्या बोल्टच्या भोकांना सूट असते. एम१० च्या बोल्टला भोक ११ चं धरा. प्लेट २०० मिमी रुंद असेल तर ०.००२०८ च्या हिशेबाने त्या रुंदीत फक्त ०.४ मिमी सरकलं तरी पलीकडच्या टोकाला ३ मिमी होतात. बसवताना गुण्या लावून काही कळणार नाही इतकं ते बारीक आहे, कर्णच बघावे लागतात.

आता दुरुस्ती. मेन स्विच बंद. झेड खाली आणून स्पिंडलखाली लाकडी ठोकळा द्या, म्हणजे बीम निसटला तरी वजन त्यावर बसेल. ज्या बाजूची प्लेट पुढे आहे तिच्याच बाजूचे बीमचे बोल्ट सैल करा, काढू नका. दुसऱ्या बाजूला हात लावू नका. फ्रेमच्या टोकापासून दोन्ही प्लेटपर्यंतचं अंतर आधी मोजून लिहा, म्हणजे किती सरकवलं ते कळेल. पुढची बाजू ३ मिमी मागे घ्या, बोल्ट आळीपाळीने आवळा, एकदम एक पूर्ण आवळू नका. मग नवा एमडीएफ आणि पुन्हा चार भोकं. फ्रेमची टोकं स्वतः काटकोनात असतीलच असं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द कर्णांचा. दोन्हीतला फरक ०.२ च्या आत आला की थांबा. तुमच्या झडपेच्या काठाला तो ०.०८ होतो, पॉलिशच्या थरात जाईल.

आणखी एक. होमिंगचा (मशीनला सुरुवातीच्या जागी आणणारा) सेन्सर वायला एकाच बाजूला आहे ना?

पंचवटी_कार्व्हिंग

हो, एकच प्रॉक्सिमिटी, डावीकडे.

सातपूर_टूलरूम

मग होम करून काटकोन परत मिळणार नाही. मशीन बंद असताना कुणी गॅन्ट्री एका टोकाला धरून ढकलली तर ती थोडी पिळवटते, आणि वीज सुरू झाली की दोन्ही मोटरी त्याच अवस्थेत लॉक होतात. फ्रेमवर दोन्ही बाजूंना लोखंडी ठोकळे कायमचे बसवा, कर्ण जुळल्यानंतर त्यांची जागा ठरवा. रोज सकाळी वीज देण्याआधी गॅन्ट्री दोन्ही ठोकळ्यांना टेकवायची आणि मगच स्विच. दोन सेन्सर लावून प्रत्येक बाजू स्वतंत्र होम करणारे कंट्रोलर असतात, पण तुमच्या कामाला ठोकळे पुरेत.

रेषाकार

आता आडव्या ०.६ चं मी सांगते. फाइलमध्ये रुंदी ४००, झडप ४००.६. पुढून कोरताना डाव्या कडेपासून झिरो घेतला. पलटल्यावर डावीकडे जी कड आली ती आधीची उजवी. तिच्यापासून पुन्हा झिरो घेतला की रुंदीतला सगळा जास्तीचा भाग नक्षीच्या सरकण्यात उतरतो. म्हणून पहिल्या झडपेला ०.६ आणि दुसरीला ०.३.

उपाय दोन. झडपा अगोदरच रंधा मारून अचूक ४०० करा, किंवा झिरो मध्यावर घ्या. मध्य काढताना एकाच टूलने, त्याच फेऱ्यात, डावी कड शिवा, मग उजवी कड शिवा, आणि दोन आकड्यांचा मध्य धरा. यात टूलचा व्यास आपोआप वजा होतो. एकाच कडेवरून घेताना ६ मिमीच्या टूलला ३ जोडायचे असतात आणि टूल घासून ५.९ झालेलं असेल तर तिथे चूक शिरते. फक्त लक्षात ठेवा, मध्य ०.२ ने चुकला तर पलटल्यावर ०.४ दिसतो.

झेडबद्दलही एक. दोन बाजूंच्या कामात झेडचा झिरो लाकडाच्या माथ्यावर घेऊ नका, बेडवर घ्या, दोन्ही वेळा. सागवानाची जाडी एका टोकाला २५ आणि दुसऱ्या टोकाला २४.६ असते. माथ्यावरून घेतलं तर जाळी एका कोपऱ्यात आरपार जाते आणि दुसऱ्या कोपऱ्यात पापुद्रा राहतो.

ओझरकर

मध्य शोधण्यापेक्षा पिना लावा, दर झडपेला शिवाशिवी करायला नको. झडप ज्या अक्षावर पलटायची त्या मधल्या रेषेवर, वरच्या आणि खालच्या वाया जाणाऱ्या भागात, दोन भोकं मशीननेच पाडायची. झडपेतून आरपार जाऊन खालच्या एमडीएफमध्येही १० मिमी. पलटल्यावर त्याच पिनांवर झडप बसते. भोकं मशीनने स्वतःच्या मापाने पाडलेली असतात, त्यामुळे कडा सरळ आहेत की नाही, रुंदी ४०० आहे की ४०१, काही फरक पडत नाही. त्यासाठी झडप दोन्ही टोकांना ३०-३५ मिमी जास्त लांब ठेवा, शेवटी ते कापून टाका.

दोन्ही भोकं गोल आणि घट्ट मात्र करू नका. एक गोल, दुसरं लांबट, रेषेच्या दिशेने. टूलिंगमध्ये यासाठी एक गोल पिन आणि एक कापलेली, हिऱ्याच्या आकाराची पिन वापरतात. गोल पिन जागा पक्की करते, दुसरी फक्त फिरणं थांबवते. दोन्ही घट्ट असतील तर अंतरात केसभर फरक पडला तरी झडप एक तर बसत नाही किंवा ठोकून बसवावी लागते, आणि ठोकली की भोक फाकतं.

सिन्नर_दगडकाम

धागा वाचून माझीही अडचण टाकतो. काळा दगड आणि संगमरवर दोन्ही कोरतो, पाण्याखाली. मूर्तीच्या प्रभावळीत मध्येच सगळं काम एक्समध्ये २-३ मिमी सरकतं आणि तिथून पुढे सरकलेलंच राहतं. प्रत्येक वेळी जागा वेगळी. काटकोन तपासला, ठीक आहे.

सातपूर_टूलरूम

हा वर सांगितलेल्या चौथ्या प्रकारचा दोष. तीच फाइल झेड ५० मिमी वर उचलून हवेत चालवा, स्पिंडल सुरू ठेवून. शेवटी झिरोवर परत आणा आणि डायलने बघा किती चुकलं. हवेतही सरकत असेल तर कटिंगचा भार कारण नाही. मग स्पिंडल बंद ठेवून पुन्हा हवेत चालवा.

अंबड_मेंटेनन्स

हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. स्पिंडल सुरू असतानाच सरकलं तर व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हचा) विजेचा नॉइज. स्पिंडलची केबल आणि मोटरींच्या सिग्नल केबल एकाच ड्रॅग चेनमधून एकत्र गुंडाळलेल्या असतात, त्या वेगळ्या करा. सिग्नलला शिल्डेड केबल, शिल्डला अर्थ एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला. फ्रेमचं अर्थिंग खरंच जमिनीत जातंय का ते मोजा, पाण्याच्या मशीनला तर ते जिवाच्या दृष्टीनेही हवं.

स्पिंडल बंद असतानाही सरकलं तर कपलिंगचा किंवा पिनियनचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) सैल. मोटरीच्या शाफ्टवरून कपलिंगवर जाणारी एक सरळ रेघ पेंटने ओढा. जॉब संपल्यावर रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला. आणि फक्त दगडात टूल असतानाच सरकलं तर अ‍ॅक्सलरेशन आणि खोली कमी करा, स्टेपर मोटर दमली की कंट्रोलरला ते कळत नाही, तो आपला पुढे मोजत राहतो.

सिन्नर_दगडकाम

हवेत, स्पिंडल बंद ठेवूनही सरकलं. रेघ ओढली, एक्सच्या पिनियनजवळ तुटली. ग्रब स्क्रूच्या खाली शाफ्टला सपाट जागाच केलेली नाही. आज शाफ्ट काढून सपाट करून घेतो. मनापासून आभार.

छंदी_३०१८

मी कॉलेज रोडला राहतो, घरी छोटं ३०१८ मशीन आहे, जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरवर. पहिल्या टूलने रफिंग (आधीचं जाडसर कोरणं) झालं की टूल बदलायला थांबतो, आणि फिनिशिंग थोडं सरकून येतं. काटकोन वगैरे इतक्या छोट्या मशीनलाही बघायचा का?

अंबड_मेंटेनन्स

आधी सेटिंग $१ बघ. मूळ किंमत २५ असते, म्हणजे थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरी सैल सुटतात. टूल बदलताना कोलेट (टूल धरणारी पकड) आवळायला पान्याने जोर लावला की अक्ष हलतो आणि कंट्रोलरला पत्ता नसतो. तिथे २५५ टाक, मोटरी कायम लॉक राहतील. थोड्या गरम होतील, ते चालतं. आणि टूल बदलल्यावर झेड नव्याने घ्यायचा, एक्स-वाय अजिबात नाही.

छंदी_३०१८

केलं दादा, जुळलं. अजून एक : आधी कोरलेली नेमप्लेट परत बसवून तिच्यावर एक ओळ वाढवायची असेल तर सरळ कशी बसवायची?

रेषाकार

बेडच्या एमडीएफवर मशीननेच एक उथळ खाच मारून घे, एक्सच्या दिशेने. त्या खाचेत पट्टी बसव. मशीनने कापलेली असल्यामुळे ती मशीनच्या अक्षाला समांतर असणारच, गुण्याची गरज नाही. कोपऱ्यात भुसा अडकतो म्हणून तिथे थोडी जागा मोकळी सोड.

पाटीची कड भरवशाची नसेल तर जुन्या अक्षरांच्या खालच्या ओळीवर दोन टोकांना टूलचं टोक नेऊन वायचे आकडे वाच. ६०० मिमीत १ मिमी फरक म्हणजे ०.०९५ अंश. पाटी तेवढी फिरव, किंवा डिझाइन फिरव. माक ३ या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये जी६८ या आदेशाने हे मशीनवरच होतं, जीआरबीएलमध्ये जी६८ नाही, तिथे फाइलमध्येच फिरवावं लागेल. वर सातपूरकरांनी नको म्हटलेलं फिरवणं वेगळं. तिथे कल होता, इथे खरोखरच पाटी फिरलेली आहे.

वखार_आणि_वासे

तुम्ही सगळे मशीनचं बोलताय, मी लाकडाचं बोलतो. पंचवटीकरांच्या झडपा ४००.६ आणि ४००.३ कशा झाल्या? कापताना ४०० च कापल्या असतील. सागवान आडवं कापलेलं असेल तर ओलावा १ टक्का वाढला की रुंदीत शेकडा ०.१८-०.१९ फुगतं. ४०० च्या फळीला २ टक्क्यांत दीड मिमी होतात. उभ्या कटाच्या फळीत त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. नाशकात एप्रिलमधली हवा आणि ऑगस्टमधली हवा यांत केवढा फरक असतो ते गोदाकाठी राहणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून पुढची बाजू आज आणि मागची पुढच्या आठवड्यात असं करू नका. कोरलेल्या बाजूचा वरचा थर निघालेला असतो, ती बाजू हवा लवकर पिते आणि फळी वाटीसारखी वळायला लागते. दोन्ही बाजूंचं रफिंग आधी करा, झडप एक रात्र दोन्हीकडून हवा लागेल अशी उभी ठेवा, मग पिनांवर बसवून दोन्ही बाजूंचं फिनिशिंग एकाच दिवशी संपवा. पिना मधल्या रेषेवर असल्यामुळे फुगवटाही दोन्हीकडे सारखा वाटला जाईल, ओझरकरांची ती सूचना लाकडाच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

पंचवटी_कार्व्हिंग

सगळ्यांसाठी : बीम सरकवून कर्ण ९९९.९ आणि १०००.० वर आणले. ठोकळे बसवले. पिनांवर, एक भोक गोल आणि एक लांबट ठेवून, टाकाऊ फळीवर पूर्ण जाळी दोन्ही बाजूंनी कोरली. पायरी हाताला लागत नाही, उजेडासमोर धरलं तरी भोकं स्वच्छ दिसतात. किती बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

एक प्रश्न उरला. तिसऱ्या झडपेची पुढची बाजू मशीन दुरुस्त करण्याआधी कोरून झालेली आहे. सागवान चांगलं आहे, वाया घालवायचं जिवावर येतं. आता सरळ झालेल्या मशीनवर तिची मागची बाजू जुळेल का?

सातपूर_टूलरूम

तशीच कोरली तर जुळणार नाही, पण फरक निम्मा राहील. पुढची नक्षी कललेली आहे, मागची सरळ येईल, काठाला ०.४.

रेषाकार

ती वाचवता येईल. मागच्या जाळीचे व्हेक्टर (डिझाइनच्या रेषा) कोरलड्रॉमध्ये न्या आणि स्क्यू करा, म्हणजे कलते करा, ०.१२ अंश, उभ्या दिशेने, मध्य स्थिर ठेवून. फिरवायचं नाही, स्क्यूच. दिशा कोणती ते कागदावर ठरवू नका, पातळ एमडीएफवर मागची जाळी १ मिमी खोल कोरा, ती पट्टी झडपेच्या मागे धरा आणि भोकांतून बघा. काठांना फरक ०.४ वरून ०.८ झाला तर चिन्ह उलट करा.

फक्त जाळीच स्क्यू करा. वेलबुट्टीचा रिलीफ (उठावाचं कोरीवकाम) आरपार जात नाही, पुढच्या-मागच्या फुलांची ०.४ ने गाठ पडते की नाही हे कुणालाही दिसणार नाही. रिलीफ नव्याने करत बसू नका.

ओझरकर

त्या झडपेत पिनांची भोकं नसतील. मध्य काठांवरून काढू नका, कोरलेल्या जाळीवरूनच काढा. पुढची बाजू वर ठेवून सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या ओळीतल्या मधल्या भोकांचे मध्य डायलने शोधा. त्या दोन बिंदूंची रेषा वायला समांतर होईपर्यंत झडप हलवा, मग क्लॅम्प करा आणि त्याच रेषेवर टोकांना पिनांची भोकं पाडा. झडपेची लांबी आधीच ७५० वर कापलेली असेल तर दोन्ही टोकांना त्याच जाडीच्या पट्ट्या चिकटवून घ्या आणि भोकं त्या पट्ट्यांत पाडा.

पंचवटी_कार्व्हिंग

लांबी अजून कापलेली नाही, दोन्ही टोकांना ४० मिमी शिल्लक आहे. उद्या सकाळी एमडीएफवर स्क्यूची दिशा बघतो आणि दुपारी झडप लावतो.